गट एक, मालक चार

तलाठी कार्यालयातून शेतकरी वारंवार जे दोन कागद काढतो त्यांतला एक सातबारा आणि दुसरा आठ-अ. पीककर्जाला दोन्ही लागतात, अनेक योजनांच्या अर्जांना दोन्ही जोडावे लागत आले आहेत. दोन्हींवर माहिती पाहिली तर जवळजवळ तीच: कोणाची, कोणती, किती जमीन. मग सरकारने एकाच माहितीचे दोन कागद कशाला ठेवले? कारकुनी सवय म्हणून हा प्रश्न सोडून देता येईल, पण अकरावीच्या गणितात ‘संबंध’ आणि ‘फलन’ या दोन प्रकरणांत जे शिकवतात त्याचा गाभा नेमका या प्रश्नात आहे.

उंद्री हे बुलढाणा जिल्ह्याच्या चिखली तालुक्यातले, खामगाव–चिखली रस्त्यावरचे गाव. तिथले एक कुटुंब कल्पनेने घेऊ. घरात आई, दोन भाऊ आणि लग्न होऊन गेलेली बहीण. जमिनीचे गट तीन: ४१, ४२ आणि ५७. वडील होते तोवर हिशेब सोपा होता. तिन्ही गट त्यांच्या नावावर. ‘गट ४१ कोणाचा?’ असे विचारले की एकच नाव येई. वडील गेले, वारसनोंद झाली, फेरफार मंजूर झाला. गट ४२ पुढे थोरल्याच्या आणि गट ५७ धाकट्याच्या नावे झाला. गट ४१ वर मात्र चौघांचीही नावे राहिली. (मुलीचे नाव ‘इतर अधिकारा’त ढकलण्याची जुनी खोड अजून पुरती गेलेली नाही. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये दिला, एवढे इथे सांगून ठेवतो.)

आता या माहितीतली सगळी कातडी काढून नुसता सांगाडा ठेवू. डाव्या बाजूला गट, उजव्या बाजूला माणसे. (४१, आई), (४१, थोरला), (४१, धाकटा), (४१, बहीण), (४२, थोरला), (५७, धाकटा). या सहा जोड्या. जोडीत आधी गट, मग माणूस, हा क्रम ठरलेला. म्हणून तिला क्रमित जोडी म्हणतात. तीन गट आणि चार माणसे यांच्या एकूण बारा जोड्या होऊ शकतात. त्यांतल्या कोणत्याही जोड्या निवडून त्यांची यादी केली की झाला एक संबंध. गणितात संबंधाची याहून मोठी व्याख्या नाही. जोड्या का निवडल्या, कशा निवडल्या, हे कोणी विचारत नाही. बाराही जोड्या घेतल्या तरी तो संबंध, एकही घेतली नाही तरी तो संबंधच. प्रत्येक जोडी ‘घ्यायची’ किंवा ‘सोडायची’ असे दोन पर्याय, म्हणून बारा वेळा दोन लिहून त्यांचा गुणाकार करायचा: ४०९६. एवढ्याशा कुटुंबात आणि एवढ्याशा जमिनीत चार हजारांहून अधिक संबंध संभवतात.

या गर्दीत काही संबंध शिस्तीचे असतात. प्रत्येक गटाला मालक आहे, आणि एकच आहे. असा संबंध म्हणजे फलन. वडिलांच्या काळातला संबंध फलन होता. आताचा नाही, कारण ४१ या गटापासून चार बाण निघतात. शिस्तीचे संबंध मोजू: प्रत्येक गटासाठी चारपैकी एक माणूस निवडायचा, म्हणजे ४ × ४ × ४ = ६४. चार हजार शहाण्णवांत फक्त चौसष्ट.

इथे विद्यार्थी हमखास एक चूक करतात. थोरल्याकडे ४१ आणि ४२ असे दोन गट आले म्हणून फलन मोडले, असे त्यांना वाटते. तसे नाही. दोन गटांचा मालक एकच असणे फलनाला चालते. वडिलांकडे तर तिन्ही गट होते. चालत नाही ते एका गटाला दोन मालक असणे. अट डावीकडच्यांवर आहे, उजवीकडच्यांवर नाही. प्रश्न विचारला की उत्तर यायलाच हवे आणि एकच यायला हवे. मग वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे सारखी निघाली तरी हरकत नाही.

सातबारा गटापासून सुरू होतो. वर गट क्रमांक आणि खाली खातेदार. आठ-अ खात्यापासून सुरू होतो: हा खातेदार आणि गावात त्याच्याकडे असलेले सगळे गट. म्हणजे त्याच जोड्या, फक्त उलटून लिहिलेल्या. (४२, थोरला) ऐवजी (थोरला, ४२). गणितात याला व्यस्त संबंध म्हणतात. बँकेला दोन्ही प्रश्न पडतात. ‘ही जमीन आणखी कोणाकोणाची आहे?’ हा एक, आणि ‘या माणसाकडे एकूण आहे तरी किती?’ हा दुसरा. एका प्रश्नाने लावलेली नोंदवही दुसऱ्या प्रश्नाला लगेच उत्तर देत नाही. गावचे सगळे सातबारे उलथून शोधावे लागेल. म्हणून गाव नमुना सात आणि गाव नमुना आठ-अ वेगळे ठेवले. ज्याने कोणी ही पद्धत बसवली त्याने संचशास्त्राचे नाव ऐकले असण्याची शक्यता कमी, पण त्याला संबंध आणि त्याचा व्यस्त ही वेगवेगळी हत्यारे आहेत हे पक्के कळले होते.

गट ४१ चे फलन मोडले म्हणून सातबारा बंद पडत नाही. तो उत्तराचे रूप बदलतो. ‘गट ४१ चा मालक कोण?’ याला एक उत्तर नाही, पण ‘गट ४१ च्या मालकांची यादी कोणती?’ याला एकच उत्तर आहे. गटापासून यादीकडे जाणारा संबंध पुन्हा फलन झाला. दुसरी वाट प्रश्न बारीक करण्याची. गट आणि माणूस अशी जोडीच आत घालायची आणि बाहेर क्षेत्र काढायचे: (४१, बहीण) म्हणजे इतके आर. तेही फलन. गणितात, आणि त्याबाहेरही, दोन उत्तरे यायला लागली की या दोनांपैकी एक उपाय करावा लागतो. उत्तर मोठे करा, नाहीतर प्रश्न पूर्ण विचारा.

गावाच्या नावाचेच बघा. उंद्रीला उदयनगरही म्हणतात; बातम्यांत ‘उदयनगर (उंद्री)’ असे दुहेरी छापलेले दिसते. दोन नावे, गाव एक: चालते. पण पुण्याच्या हद्दीत एक उंड्री आहे, आणि इंग्रजी अक्षरांत दोघींचे स्पेलिंग एकच. पार्सल पाठवणाऱ्याने नुसते नाव टाकले की नावापासून गावाकडे दोन बाण निघतात. मग तालुका, जिल्हा, पिनकोड लिहायचा. प्रश्न पूर्ण विचारायचा.

एसटीत बसलात तरी हेच. साध्या गाडीचे भाडे किलोमीटरवर नाही, टप्प्यावर ठरते आणि टप्पा सहा किलोमीटरचा. त्यामुळे सात किलोमीटर जा की अकरा, दोन टप्प्यांचेच पैसे. आलेख काढला तर चढती रेघ येत नाही, जिन्याच्या पायऱ्या येतात. पण एकाच थांब्यावर चढून एकाच थांब्यावर उतरणारे तिघे वेगवेगळे पैसे देतात. महिलांना १७ मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट आहे, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून प्रवास मोफत आहे. म्हणजे भाडे हे अंतराचे फलन राहिलेले नाही. ते अंतर आणि प्रवासी या दोघांचे मिळून फलन आहे, आणि वाहक तिकीट काढण्यापूर्वी ‘कुठं जायचं?’ विचारून आधार कार्ड मागतो तो याचसाठी.

आतापर्यंत एकही सूत्र आले नाही, हे मुद्दाम. शाळेत फलन म्हटले की य = ३क्ष + २ असले काहीतरी फळ्यावर येते आणि मुलांच्या मनात फलन म्हणजे सूत्र असे बसते ते कायमचे. सूत्र हा फलनाचा एक प्रकार आहे. सोयाबीनचेच घ्या. २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. क्ष क्विंटल माल त्या भावाने विकला आणि गाडीभाडे समजा १,५०० रुपये गेले, तर हाती आलेले पैसे

फ(क्ष) = ५३२८क्ष − १५००

दहा क्विंटलला ५१,७८०. वीस क्विंटलला? दुप्पट करून १,०३,५६० असे सांगाल तर चुकलात, येतात १,०५,०६०. दहाला इतके तर विसाला किती, हे त्रैराशिक. भास्कराचार्यांची ‘लीलावती’ ११५० च्या सुमाराची, आणि तिच्यात त्रैराशिकाला मोठे मानाचे स्थान आहे. चाळीसगावजवळच्या पाटण येथल्या १२०७ च्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी मठाला दिलेल्या दानाची नोंद आहे. म्हणजे हे गणित या मुलखात आठशे वर्षांपूर्वी नेमाने शिकवले जात होते. पण त्रैराशिक फक्त त्या फलनांना लागू पडते ज्यांच्यात शून्य घातले की शून्य बाहेर येते. गाडीभाडे आडवे आले की ते कोसळते.

आणि खरेच शून्य घातले तर? सूत्र सांगते, उणे दीड हजार. माल नाही तर गाडी कोण सांगेल? सूत्राला ते कळत नाही. सूत्र उणे चार क्विंटलचेही उत्तर बिनदिक्कत देईल. म्हणून फलन सांगताना सूत्राइतकेच महत्त्वाचे दुसरे काही सांगावे लागते: आत काय काय घालायला परवानगी आहे. या परवानगीच्या संचाला प्रांत म्हणतात. परीक्षेत प्रांताला एखादा गुण असतो आणि मुले तो सोडून देतात. माझ्या मते सगळ्या प्रकरणात विचार करायला लावणारा भाग तेवढाच असतो.

सूत्राचा हा मोह मोठमोठ्यांनाही होता. फलन या अर्थी लॅटिन शब्द लायब्निट्सने सतराव्या शतकाच्या अखेरीस वापरात आणला. ऑयलरने १७३४ मध्ये आज आपण लिहितो तशी कंसाची खूण वापरली. त्याच ऑयलरने १७४८ च्या ग्रंथात फलन म्हणजे चल आणि स्थिर संख्यांपासून बनलेली राशी, म्हणजे सूत्रच, असे सांगितले. पुढे दिरिक्ले या जर्मन गणितज्ञाने १८२९ मध्ये एक विचित्र फलन पुढे केले: संख्या परिमेय असेल तर एक उत्तर, अपरिमेय असेल तर दुसरे. याचा आलेख कोणालाच काढता येत नाही. तरी प्रत्येक संख्येला उत्तर आहे आणि एकच आहे. १८३७ पर्यंत त्याने स्पष्ट म्हटले की नियम कसा आहे याला महत्त्व नाही. प्रत्येक क्ष ला ठरलेला एक य मिळाला की झाले.

मराठीत ही सूत्राविना फलने छापून मिळत होती. केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे केरूनाना, यांची ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ १८६० मध्ये निघाली. दिवस शोधा, आकडा वाचा. डावीकडच्या रकान्यातल्या एका नोंदीसमोर उजवीकडे एकच आकडा. कोष्टक हे फलनाचे सगळ्यात प्रामाणिक रूप, कारण त्यात प्रांत लपत नाही: जे रकान्यात नाही ते विचारता येत नाही.

ग्रहांचा विषय निघाला आहे तर तिथीकडे वळू, कारण फलनाचे दोन अवघड गुण तिथीइतके सुरेख कुठेच दिसत नाहीत. चंद्र आकाशात सूर्याच्या पुढे पुढे जातो. दोघांतले अंतर बारा अंशांनी वाढले की एक तिथी संपते. ३६० अंशांत तीस तिथी. म्हणजे कोणताही क्षण द्या, अंतर मोजा, बाराने भागा, तिथी ठरली. क्षणापासून तिथीकडे जाणारे हे निर्दोष फलन आहे.

पण भिंतीवरच्या कॅलेंडरला क्षण नको, दिवस हवा. एका दिवसात दोन तिथींचे तुकडे येतात, मग त्या चौकोनात कोणती छापायची? आपल्या पंचांगाने तोडगा काढला: सूर्योदयाला जी चालू असेल ती त्या दिवसाची. एवढ्या एका नियमाने दिवसापासून तिथीकडे जाणारा संबंध फलन झाला. पण चंद्राची चाल एकसारखी नाही. तिथी कधी एकोणीस-वीस तासांत आटोपते, कधी सव्वीस तासांहून लांबते. आखूड तिथी सूर्योदयानंतर सुरू होऊन पुढच्या सूर्योदयाआधी संपली, तर ती कोणत्याच दिवसाच्या वाट्याला येत नाही. हा क्षय. लांब तिथी दोन सूर्योदय गाठते आणि दोन दिवसांच्या चौकोनांत छापली जाते. ही वृद्धी.

आता गणिताची भाषा. वृद्धी झाली म्हणजे दोन दिवसांना एकच तिथी मिळाली: फलन एकास-एक नाही. क्षय झाला म्हणजे एक तिथी कोणालाच मिळाली नाही: फलन आच्छादक नाही. पाठ्यपुस्तकात या दोन व्याख्या लागोपाठ येतात आणि मुले त्यांची अदलाबदल करतात. ज्या घरात एकादशी पाळली जाते तिथे ही गफलत व्हायला नको. हिशेबही करून पाहा. बारा चांद्रमासांत ३६० तिथी आणि दिवस सुमारे ३५४.४. साडेपाच-सहा तिथी जास्तीच्या. म्हणून वर्षात क्षय हे वृद्धींपेक्षा सरासरी साडेपाच-सहाने अधिक असायलाच हवेत. त्यात ज्योतिष काही नाही; मोजणीच तशी आहे.

आणि इथेही प्रश्न अर्धाच विचारलेला आहे. सूर्योदय, पण कुठला? उंद्री मुंबईच्या पूर्वेला साधारण साडेतीन अंश. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे, म्हणजे उंद्रीत सूर्य सुमारे चौदा मिनिटे आधी उगवतो. या चौदा मिनिटांत एखादी तिथी संपली, तर उंद्रीत त्या दिवशी पंचमी आणि मुंबईत षष्ठी. पंचांगावर ते कोणत्या गावासाठी काढले आहे हे छापतात ते याचसाठी. दिवस आणि गाव अशी जोडी आत घालावी लागते.

वैशाख शुद्ध तृतीयेला, अक्षय्य तृतीयेला, याच बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला घटमांडणी होते. शेतात अठरा धान्यांचे गोल मांडतात. मधल्या खड्ड्यात मातीची चार ढेकळे, म्हणजे पावसाळ्याचे चार महिने; त्यावर पाण्याची घागर, पुरी, पापड, करंजी, शेजारी विडा-सुपारी. रात्रभर कोणी तिकडे फिरकत नाही. पहाटे मांडणीत काय हलले, काय कायम राहिले ते पाहून पाऊस, पिके, राज्य यांचे भाकीत सांगतात. पश्चिम विदर्भातले शेतकरी ते ऐकायला जमतात, वर्तमानपत्रे छापतात, अंधश्रद्धा निर्मूलनवाले दरवर्षी आक्षेप घेतात. मला आक्षेप पटतो, पण गणिताचा विद्यार्थी म्हणून यात आणखी एक गोष्ट दिसते. मांडणीची प्रत्येक स्थिती आणि तिचा अर्थ पक्का ठरवून टाकला, एका स्थितीचे एकच भाकीत, तर ते फलन आहे. व्याख्येला पुरेपूर उतरणारे. दाण्यांचा आणि ढगांचा काही संबंध आहे का, हा प्रश्न व्याख्येत कुठेच येत नाही. नियम ठाम असणे आणि नियम खरा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली कागदावर तपासता येते, दुसरीसाठी शेतात जावे लागते.

शेतात जाऊन काढलेले फलनही आपल्याकडे आहे. पैसेवारी. सोळा आणे पीक म्हणजे भरघोस, आठ आणे म्हणजे निम्मे, अशी जुनी आणेवारी होती. १९५७ मध्ये दशमान नाणी आल्यावर तिची पैसेवारी झाली. गावातल्या निवडक शेतांत ठरावीक मापाचे तुकडे आखून पीक कापतात, वजन करतात, प्रमाण उत्पन्नाशी तुलना करतात. आधी नजर पैसेवारी, मग सुधारित, आणि अमरावती विभागात डिसेंबरअखेर अंतिम. गाव आत, आकडा बाहेर. तो आकडा पुढच्या फलनात जातो: पन्नास पैशांच्या खाली असेल तर ‘हो’, नसेल तर ‘नाही’. ‘हो’ असेल तर जमीन महसुलात सूट, कर्जाचे पुनर्गठन, कृषिपंपाच्या वीजबिलात सवलत, मुलांची परीक्षा फी माफ. एका फलनाचे उत्तर दुसऱ्याला खाऊ घातले की संयुक्त फलन होते.

अशा साखळीत प्रत्येक पायरीवर काहीतरी गळते. दहा-बारा तुकड्यांची वजने गेली आणि एक सरासरी उरली. सरासरी गेली आणि ‘हो’ किंवा ‘नाही’ उरले. ३१ पैशांचे गाव आणि ४८ पैशांचे गाव दोन्ही ‘हो’, आणि ‘हो’ वरून मागे जाऊन किती नुकसान झाले ते कोणालाच काढता येत नाही; एकास-एक नसलेल्या फलनाचा व्यस्त संबंध फलन नसतो, या एका ओळीच्या प्रमेयाचा हा अर्थ. नाल्याकाठचे सोयाबीन पूर्ण सडलेल्या माणसाचे गाव ५३ पैशांवर असेल, तर त्याच्या शेताचेही उत्तर ‘नाही’, कारण या फलनाच्या प्रांतात शेत नाही, गाव आहे. केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ संहितेने दुष्काळ ठरवताना पाऊस, जमिनीतला ओलावा, उपग्रहावरून दिसणारी हिरवळ असे जास्तीचे घटक आत घातले. प्रश्न अधिक पूर्ण झाला. प्रांत मात्र शेतापर्यंत तरीही उतरला नाही.

पैसेवारीवरून ‘हो’ किंवा ‘नाही’ सांगणाऱ्या त्या दुसऱ्या फलनाचा आलेख काढायला सोपा आहे. आडव्या अक्षावर पैसे, उभ्यावर ‘हो’ साठी १ आणि ‘नाही’ साठी ०. शून्यापासून पन्नासपर्यंत वरची रेघ, पन्नासपासून पुढे खालची. पन्नासवर दोन्ही रेघा समोरासमोर येतात, आणि दोन्ही ठिकाणी भरीव टिंब दिले तर एका आकड्याला दोन उत्तरे होतील. म्हणून एक टिंब पोकळ ठेवायचे असते. कोणते, ते शासन निर्णयातल्या ‘पन्नास पैशांपेक्षा कमी’ या शब्दांनी ठरते: वरचे पोकळ, खालचे भरीव. बरोबर पन्नास पैसे आलेल्या गावाला सवलत नाही.